सूर्य ते अलिबाग : मधल्या वाटेवर

१० मे २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमाराला पृथ्वीवर एक मोठं चुंबकीय वादळ येऊन थडकलं. महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यात, तुडीलसारख्या गावात, कोणाला त्याचा मागमूस लागण्याचं कारण नव्हतं. कुठे दिवे गेले असलेच, तर दोष सूर्याचा नव्हता. तिकडे लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळ तांबडा अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, टिपला आणि त्याची छायाचित्रं दुसऱ्या दिवशी फोनाफोनांवर फिरली. कोकणात आकाश नेहमीसारखंच होतं. पण आकाशात काही दिसलं नाही म्हणजे काही घडलं नाही असं नव्हे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्या रात्री जगभर हललं आणि ते हललेलं मोजणारी देशातली सगळ्यात जुनी परंपरा याच रायगड जिल्ह्यात, अलिबागला आहे. तुडील अलिबागच्या दक्षिणेला जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशावर. अलिबागच्या यंत्रात जी रेघ उमटते, ती थोड्याफार फरकाने तुडीलच्या भातखाचरांवरचीही असते.

अशा वेळी बातमी साधारण एकाच साच्याची असते : सूर्यावर स्फोट झाला, त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. ही गोष्ट अर्धीच आहे. सूर्य आणि आपण यांच्यात १५ कोटी किलोमीटरचं अंतर आहे आणि ते रिकामं नाही. त्यातून सौरवारा अखंड वाहत असतो. उद्रेक या वाऱ्यातून वाट काढत येतो, येताना वाऱ्याची घडी विस्कटतो आणि स्वतःही बदलतो. वादळ किती मोठं होणार याचा बराचसा निकाल त्या वाटेवरच लागतो. माझ्या मते सगळ्यात कमी सांगितला जातो तो हाच भाग.

आधी वाऱ्याबद्दल. सूर्याच्या बाहेरच्या प्रभामंडळाचं तापमान दहा लाख अंशांच्या वर आहे. इतका तापलेला वायू सूर्याच्या गुरुत्वाला पुरता धरून ठेवता येत नाही. प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि थोडी हेलियमची केंद्रकं असलेला हा प्लाझ्मा चहूकडे वाहत सुटतो. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्यापासून दूर वळलेली का असते, याचा विचार करताना जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बिअरमान यांना १९५१ मध्ये अशा प्रवाहाची गरज भासली. १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी त्याचं गणित मांडलं. 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'च्या दोन परीक्षकांनी तो निबंध नाकारावा असा शेरा दिला. संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना फारशी रुचली नव्हती, पण गणितात चूक काढता येईना, तेव्हा त्यांनी तो छापला. चारच वर्षांनी शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाला वाटेत हा वारा सतत लागला आणि वाद मिटला.

हा वारा दोन चालींचा असतो. मंद वारा सेकंदाला ३०० ते ४०० किलोमीटरने वाहतो. प्रभामंडळात ज्या ठिकाणी चुंबकीय रेषा उघड्या असतात, तिथून निघणारा वेगवान वारा ७०० ते ८०० किलोमीटरने येतो. पृथ्वीजवळ एका घनसेंटिमीटरमध्ये त्याचे पाच-दहा कण सापडतात. प्रयोगशाळेतली उत्तमातली उत्तम निर्वात पोकळीही याहून दाट असते. मात्र हा वारा सूर्याचं चुंबकीय क्षेत्र सोबत ओढून नेतो. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे त्या रेषा वळत जातात आणि पृथ्वीपाशी येईतो सुमारे ४५ अंशांनी तिरक्या झालेल्या असतात. त्यांची ताकद इथे ५ नॅनोटेस्लाच्या आसपास. अलिबागला जमिनीवर होकायंत्राची सुई वळवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक ३८ हजार नॅनोटेस्लाच्या घरात आहे. ५ म्हणजे काहीच नाही असं वाटावं, असा हा आकडा. पण या प्रकरणातला सगळा घोटाळा तोच करतो.

आता उद्रेक. इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. सौरज्वाळा म्हणजे प्रकाशाचा आणि क्ष-किरणांचा झोत. तो आठ मिनिटांत इथे पोचतो आणि पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचा लघुलहरी रेडिओ बिघडवून जातो. वाऱ्याला तो हात लावत नाही. वाऱ्यात खळबळ माजवतो तो दुसरा प्रकार : प्रभामंडळातून द्रव्याचा आणि चुंबकीय क्षेत्राचा मोठा लोळ सुटतो, ज्याला शास्त्रज्ञ सीएमई म्हणतात. सूर्यावरच्या डागांच्या वर पीळ पडत गेलेल्या चुंबकीय रेषा एका मर्यादेनंतर तुटून नव्याने जोडल्या जातात आणि पिळाचा अख्खा दोर वर फेकला जातो. दोन्ही गोष्टी अनेकदा एकाच वेळी घडतात, म्हणून गल्लत. पण ज्वाळेशिवाय लोळ सुटू शकतो आणि लोळाशिवाय ज्वाळाही भडकू शकते.

एका लोळात साधारण १०० कोटी टन द्रव्य असतं. आकडा छाती दडपणारा आहे खरा, पण सौरवाऱ्यातून सूर्य दर सेकंदाला दहा लाख टनांहून अधिक द्रव्य असंही गमावतच असतो. हिशेब केला, तर एक उद्रेक म्हणजे साऱ्या वाऱ्याची पाव तासाची खर्ची. म्हणजे वजन हा मुद्दाच नाही. हे द्रव्य एकाच दिशेला, सेकंदाला कधी कधी दोन-तीन हजार किलोमीटरने निघतं आणि त्याच्या पोटात पिळलेलं चुंबकीय क्षेत्र असतं, म्हणून ते भारी पडतं.

असा लोळ मंद वाऱ्यात घुसला, की काय होतं? प्लाझ्मात हालचालीची वर्दी पोचवणाऱ्या लहरींना स्वतःचा वेग असतो. लोळ त्याहून वेगाने आला, तर पुढच्या वाऱ्याला बाजूला व्हायची वर्दीच मिळत नाही. मग लोळाच्या तोंडाशी आघाताची एक भिंत तयार होते. त्या भिंतीपाशी वाऱ्याचा वेग, घनता, तापमान आणि चुंबकीय क्षेत्र एकदम उडी घेतात. भिंतीच्या मागे दडपलेल्या, चुरगळलेल्या वाऱ्याचा एक पट्टा असतो आणि त्यात क्षेत्राची दिशा मिनिटामिनिटाला बदलते. त्याच्यामागून खुद्द लोळ येतो. इथे क्षेत्र तगडं असतं, संथपणे एका दिशेकडून दुसरीकडे वळत जातं, प्लाझ्मा उलट थंड आणि विरळ होतो. पृथ्वीवरून हे सारं ओलांडून जायला एक-दोन दिवस लागतात. लोळाच्या पाठीमागे वारा काही काळ विरळ राहतो आणि मग पूर्ववत होतो.

वाराही लोळाला सोडत नाही. वेगाने सुटलेल्या लोळाला तो मागे ओढतो आणि रेंगाळणाऱ्याला आपल्याबरोबर पुढे रेटतो. म्हणून सूर्यापाशी दोन लोळांच्या वेगात दहापट फरक असला, तरी पृथ्वीपाशी तो पुष्कळ कमी झालेला दिसतो. पोचण्याची वेळ सांगताना तज्ज्ञांचीही पाच-दहा तासांची चूक होते, ती मुख्यतः यामुळेच. वाटेतला वारा कसा आहे, हे नेमकं ठाऊक नसतं.

तरी ही वाट अगदीच आंधळी नाही. २० एप्रिल २००७ ला एंकेचा धूमकेतू बुधाच्या कक्षेच्या आत असताना एक लोळ त्याच्यावरून गेला आणि त्याची शेपटी मुळापासून तुटून वाहून गेलेली 'स्टीरिओ' यानाच्या कॅमेऱ्यात स्पष्ट उमटली. सप्टेंबर २०२२ मध्ये पार्करच्याच नावाचं यान एका लोळातून पार झालं, तेव्हा त्या लोळाने सूर्याभोवतीची धूळही झाडून दूर नेल्याचं दिसलं. आपल्याकडे उटीला गोविंद स्वरूप यांच्या चमूने १९७० मध्ये उभारलेली ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या रेडिओस्रोतांची लुकलुक वाऱ्यातल्या प्लाझ्माच्या गाठींमुळे वाढते-घटते. ही लुकलुक रोज मोजली, की सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या भागात लोळ कुठवर आला याचा अंदाज बांधता येतो. उटीलाच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग विश्वकिरणांतून निर्माण होणारे म्युऑन नावाचे कण मोजतो. लोळाचं क्षेत्र पृथ्वीला वेढून जातं तेव्हा बाहेरून येणारे विश्वकिरण अडवले जातात आणि त्यांची संख्या काही दिवस घटते. दूरच्या ताऱ्यांकडून येणारा पाऊस सूर्याच्या लोळाने अडावा, ही मला या सगळ्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

आता अलिबागकडे येऊ. मुंबईत कुलाब्याला १८४० च्या दशकापासून चुंबकीय मोजमापं होत होती. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले केरूनाना छत्रे तिथे सुरुवातीच्या काळात साहाय्यक होते. पुढे पुण्यात ते टिळकांचे गणिताचे गुरू झाले. १८९६ मध्ये नानाभाई मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं दिसू लागलं आणि त्यांच्या प्रवाहाने मोजमापं नासणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, चुंबकीय गुण नसलेल्या दगडाची आणि लोखंड टाळून बांधलेली. मूस यांनी घाईने जागा बदलली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे सोबतच नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे मुंबईचे आकडे अलिबागच्या आकड्यांशी नीट जुळतील. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ च्या साऱ्या नोंदी छापल्या आणि वादळ सुरू झाल्याच्या क्षणापासून तास मोजत अनेक वादळं एकमेकांवर ठेवून पाहिली. वादळाला ठरावीक टप्पे असतात हे त्यांतून समोर आलं. हे टप्पे सौरवाऱ्याचे आहेत, हे कळायला आणखी अर्धं शतक जावं लागलं. तेव्हा सौरवाराच कोणाला माहीत नव्हता!

अलिबागची रेघ वाचायला शिकलं, की वाऱ्यात काय झालं ते डोळ्यांसमोर येतं. शांत दिवशी रेघ दुपारकडे हळूच चढते आणि उतरते. मग एका मिनिटात ती टुणकन वर उडते, पन्नास-शंभर नॅनोटेस्ला. ही आघाताची भिंत पृथ्वीच्या चुंबकावरणावर येऊन आदळल्याची खूण : सूर्याकडची बाजू आत दाबली गेली आणि त्या दाबाने जमिनीवरचं क्षेत्र थोडं वाढलं. काही तास रेघ वर-खाली थरथरते, तो चुरगळलेल्या वाऱ्याचा पट्टा. त्यानंतर मुख्य घसरण. लोळाचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल, तर ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख रेषांशी जोडलं जातं, वाऱ्याची ऊर्जा आत शिरते आणि विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटरवर पृथ्वीभोवती विजेचा एक प्रवाह वाहू लागतो. त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असतं. म्हणून अलिबागसारख्या कमी अक्षांशाच्या ठिकाणी रेघ खाली येते. ती सावरायला दोन-चार दिवस लागतात.

सगळं अडतं ते या 'वळलेलं असेल तर'वर. महाडच्या लोकांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही. महाबळेश्वरला धो धो पाऊस झाला, की सावित्री नदी फुगते. पण महाडच्या बाजारपेठेत पाणी किती चढणार, हे त्याच वेळी खाडीला भरती आहे की ओहोटी यावरही ठरतं. सौरवाऱ्यातल्या क्षेत्राची दिशा ही तशीच. ४ ऑगस्ट १९७२ ला सुटलेला लोळ केवळ साडेचौदा तासांत पृथ्वीवर पोचला. नोंदलेल्यांत इतक्या जलद दुसरा आलेला नाही. त्याच्या चुंबकीय धक्क्याने उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यालगत अमेरिकी नौदलाने पेरलेले डझनावारी पाणसुरुंग आपोआप फुटले. तरीही त्याचं मुख्य वादळ मध्यमच निघालं, कारण लोळातलं क्षेत्र उत्तरेकडे वळलेलं होतं.

उलट टोकाचं उदाहरण कुलाब्याच्या वहीत आहे. १ सप्टेंबर १८५९ ला, मुंबईत दुपारचे चार वाजले असतील तेव्हा, इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यडागांवर पांढऱ्या प्रकाशाची ज्वाळा दिसली. त्यानंतर साडेसतरा तासांनी वादळ आलं. सरासरी वेग काढला तर सेकंदाला सुमारे २,३७० किलोमीटर! युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी नोंदीच कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याला अजून माणूस डोळ्यांनी आकडे वाचून वहीत उतरवत होता, एरवी तासातासाला आणि वादळात काही मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी दुपार होण्याआधी तिथलं क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरलं, म्हणजे जवळजवळ चार टक्के, आणि थोड्याच तासांत बरंचसं सावरलं. ती वही दीडशे वर्षं जवळपास पडूनच होती. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्स लाखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स या भारतीय शास्त्रज्ञांनी अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी वगैरेंबरोबर २००३ मध्ये तिच्यावरून या वादळाचं मोजमाप जगापुढे मांडलं, तेव्हा कुठे कॅरिंग्टनच्या वादळाला आकडा मिळाला.

इतक्या वेगाने तो लोळ आला कसा? त्याच्या चार दिवस आधी, २८ ऑगस्टला, दुसरं एक वादळ येऊन गेलं होतं. आधीच्या लोळाने वाटेतला वारा विरळ करून ठेवला, म्हणजे मागून येणाऱ्याला अडवणारं फारसं उरत नाही. जुलै २०१२ मध्ये हे प्रत्यक्ष दिसलं. सूर्याच्या पलीकडच्या बाजूने सुटलेला एक लोळ 'स्टीरिओ-ए' यानावरून गेला, तेव्हा त्याला तिथवर यायला एकोणीस तासही लागले नव्हते. चार दिवसांपूर्वीच्या उद्रेकाने त्याला वाट मोकळी करून दिली होती. तो आपल्या रोखाने नव्हता, एवढंच नशीब.

मे २०२४ मध्ये वेगळंच घडलं. एकाच डागसमूहातून ८ मेपासून लागोपाठ लोळ सुटले. मागच्यांनी पुढच्यांना वाटेत गाठलं आणि वाऱ्यात त्यांची एकमेकांवर चढाओढ झाली. दोन लोळ असे चेपले जातात तेव्हा त्यांतलं क्षेत्रही दाबून दाट होतं. एरवीच्या ५ नॅनोटेस्लाच्या जागी पृथ्वीबाहेरच्या यानांनी ७० च्या वर आकडा नोंदवला आणि त्यातला मोठा हिस्सा दक्षिणेकडे वळलेला होता. जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी पोचलेलं भारताचं 'आदित्य-एल१' यान तेव्हा तिथे होतं. त्याच्या आणि अमेरिकेच्या सहा यानांच्या नोंदी जोडून पाहिल्यावर भारतीय शास्त्रज्ञांना लोळाच्या पोटातच सुमारे १३ लाख किलोमीटर रुंदीचा असा पट्टा सापडला, जिथे चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या जात होत्या. ही उलथापालथ सूर्यावरची नव्हती, पृथ्वीवरचीही नव्हती. ती वाटेवरची होती. जमिनीवरच्या सरासरी घसरणीचा आकडा ४०० नॅनोटेस्लापर्यंत गेला. कुलाब्याच्या १,६०० शी त्याची सरळ तुलना करू नये, कारण तो एकाच जागेचा, क्षणाचा आकडा आहे. तरी अंतर लक्षात यावं.

खेड्यातल्या माणसाचा याच्याशी संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. कोकणात विजेचं जाळं कोसळण्याचा धोका कॅनडाएवढा नाही. १३ मार्च १९८९ ला क्यूबेक प्रांत नऊ तास अंधारात गेला, तो उत्तरेकडच्या अक्षांशांमुळे. आपल्याकडे बिघडतं ते आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर. आपण मुळातच त्याच्या अशांत पट्ट्याजवळ राहतो आणि वादळात ते आणखी ढवळलं जातं. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना रेंगाळतो आणि जागा चुकते. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. भूमी अभिलेख खात्याची रोव्हर यंत्रंही याच तत्त्वावर, सेंटिमीटरच्या अचूकतेने जमीन मोजतात. हातभर बांधावरून तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या मुलखात मोजणीची तारीख अशा दिवशी पडू नये, एवढं खरं. आणि वादळ मोठंच असावं लागतं असंही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका किरकोळ वादळाने वरचं वातावरण थोडं फुगलं आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी तब्बल ३८ खाली येऊन जळाले.

पूर्वसूचना किती मिळते? पुण्याच्या 'आयुका' या संस्थेने बनवलेली 'आदित्य'वरची सूट दुर्बीण सूर्यावरच्या ज्वाळा अतिनील प्रकाशात पाहते आणि बंगळूरूतल्या एका संस्थेचं प्रभामंडळ पाहणारं उपकरण लोळ सुटताना टिपतं. त्यावरून एक-दोन दिवसांची सूचना देता येते. पण क्षेत्र उत्तरेकडचं की दक्षिणेकडचं, हे दुरून दिसत नाही. लोळ एल-१ पाशी येऊन यानातल्या चुंबकमापकाला लागला, की तेव्हाच कळतं. तिथून पृथ्वीपर्यंत सेकंदाला ४०० किलोमीटरच्या वाऱ्याला तासभर लागतो, ८०० च्या लोळाला अर्धा तास. १८५९ च्या चालीने कोणी आला, तर हाताशी जेमतेम दहा मिनिटं उरतील. आणि धोका सरला असंही नाही. सूर्याच्या चढउताराच्या चालू चक्राचं शिखर २०२४ मध्ये आलं. पण मागच्या पिढीतली मोठी ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ ची वादळं शिखर सरल्यावर दोनेक वर्षांनी, उतारावरच आली होती.